वरच्या मुरमाड प्लॉटची शिराझ वेगळी भरावी का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ कळेल. नाशिकच्या दिंडोरी तालुक्यात तुमच्या कुटुंबाची शिराझ या लाल वाइनच्या द्राक्षवाणाची साडेचार एकर बाग आहे आणि तिच्या जोडीला घरचीच छोटी वाइनरी आहे. बागेतील दीड एकर वरच्या अंगाला मुरमाड उतारावर आहे, तर तीन एकर खाली ओढ्यालगतच्या काळ्या जमिनीत आहे. आजवर दोन्हीकडचा माल एकत्र क्रश होतो आणि त्याची एकच वाइन होते. वरच्या प्लॉटची चव पहिल्यापासून निराळी आहे, तेव्हा ती ‘सिंगल व्हिनयार्ड’ (एकाच मळ्याची वाइन) म्हणून स्वतंत्र भरावी, असे वडिलांचे मत आहे. असे केल्याने फक्त लेबल वाढेल आणि जी वाइन आज विकली जाते तिचा कणाच निघून जाईल, अशी तुम्हाला धास्ती वाटते.

माझे उत्तर असे की यंदा लेबल छापू नका, पण यंदापासूनच दोन्ही प्लॉट वेगवेगळे आंबवायला लागा, आणि निदान तीन हंगाम तसे केल्याशिवाय निर्णय घेऊ नका. चव वेगळी लागते यावर माझा पूर्ण विश्वास आहे. प्रश्न असा आहे की तो फरक जमिनीचा आहे की कामाच्या पद्धतीचा, तो दरवर्षी टिकतो का, आणि तो बाजूला काढल्यावर उरलेल्या तीन एकरांच्या वाइनचे काय होते. वेलींचे वय, खुंट (ज्या मुळावर वेल कलम केली आहे तो), वाइनरीत रिकाम्या टाक्या किती, पैसा किती काळ अडकवून ठेवता येईल, या सर्व गोष्टींवर उत्तर बदलेल. तरीही विचार कोणत्या क्रमाने करावा, हे सांगता येते.

सर्वांत आधी छाटणीची तारीख पाहा. सप्टेंबरच्या पावसानंतर मुरमाड जमिनीला वाफसा लवकर येतो, म्हणून फळछाटणीला मजूर आधी वरच्या प्लॉटमध्ये शिरतात. खालची काळी जमीन पायाला चिकटत असते, तिथे काम दहा-बारा दिवसांनी सुरू होते. बहुतेक घरी असेच चालते आणि त्यात गैर काही नाही. मात्र फळछाटणीपासून काढणीपर्यंत शिराझला आपल्याकडे साधारण पाच महिने लागतात, आणि आपला हंगाम फ्रान्सच्या उलट्या दिशेने जातो. तिकडे ऱ्होन खोऱ्यात द्राक्षे पिकत असताना उन्हाळा उतरणीला लागलेला असतो. नाशिकमध्ये द्राक्षे पिकताना थंडी ओसरून ऊन चढत असते. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात रात्री अजून गार असतात आणि महिनाअखेर दुपारचे तापमान ३२-३३ अंशांच्या पुढे सरकू लागते. दहा दिवस उशिरा पिकलेला घड अधिक उष्ण हवेत पिकतो, त्यातील मॅलिक आम्ल झपाट्याने जळते, रंग कमी भरतो आणि सुगंधही उडतो. मग वडिलांना लागणारी वेगळी चव मुरमाची की लवकर केलेल्या छाटणीची, हे आज कोणीही खात्रीने सांगू शकणार नाही. येत्या हंगामात दोन्ही प्लॉटची छाटणी एकाच दोन-तीन दिवसांत उरका. वाफशासाठी थांबावे लागले तर वरचा प्लॉटही थांबवा. तसेही सप्टेंबरच्या छाटणीत परतीच्या पावसाने डाऊनी या बुरशीरोगाचा धोका असतोच, त्यामुळे हे थांबणे वाया जाणार नाही.

दुसरी गोष्ट खुंट आणि वेलींचे वय. वरचा प्लॉट नंतर लावलेला असेल आणि तिथे ११० आर हा खुंट असेल, तर खालच्या डॉगरिज खुंटावरील वेलींशी त्याची तुलना करताना तुम्ही जमिनीइतकीच खुंटाचीही तुलना करत असता. डॉगरिज मुळातच जोमदार; काळ्या जमिनीत तो जोम आणखी वाढतो, कॅनोपी (पानांचा विस्तार) दाट होते आणि घड सावलीत राहतात. वेलीमागे घड किती ठेवले, विरळणी सारखी झाली का, हेही पाहावे लागेल. वरच्या प्लॉटवर एकरी तीन टन आणि खाली सहा टन घेत असाल, तर चवीतील बराचसा फरक त्या आकड्यांतच सापडेल.

माझ्या अनुभवात मुरूम आणि काळी जमीन यांतील फरकाचा सर्वांत मोठा वाटा पाण्याचा असतो. मुरमातून पाणी निथळून जाते, वेल मण्यात पाणी उतरण्याच्या (मणी मऊ पडून रंग धरू लागण्याच्या) सुमारास शेंडा थांबवते, मणी लहान राहतात आणि रसाच्या मानाने साल जास्त मिळते; रंग आणि टॅनिन सालीतूनच येतात. काळी जमीन पाणी धरून ठेवते, शेंडा वाढतच राहतो, मणी फुगतात. म्हणजे खालच्या प्लॉटमध्ये पाणी उतरण्याच्या अवस्थेआधीच ठिबकचे पाणी कमी केले, शेंडे वेळेवर मारले आणि घडांभोवतीची पाने सकाळच्या उन्हाच्या बाजूने काढली, तर दोन्हीतील अंतर बरेच कमी होऊ शकते. हे मी मुद्दाम आधी सांगतो, कारण तुमच्या साडेचार एकरांपैकी तीन एकर खाली आहेत. ती सुधारली तर मिळणारा फायदा दीड एकराच्या वेगळ्या बाटलीपेक्षा मोठा असू शकतो, आणि त्यासाठी नवी टाकीही घ्यावी लागत नाही.

पालाशाबद्दलही (पोटॅशियम) सांगायला हवे. खाण्याच्या द्राक्षांची सवय असलेले आपण सगळे गोडी आणि वजनासाठी शेवटच्या टप्प्यात ०-०-५० हे पालाशाचे खत सोडतो. वाइनच्या शिराझला ही सवय महागात पडते. शिराझच्या रसात पालाश सहज साठतो. आंबवताना तो टार्टारिक आम्लाशी जुळून तळाशी बसतो आणि पीएच वर जातो, म्हणजे आंबटपणा घटतो. ३.८ च्या पुढे पीएच गेला की सल्फरचा प्रभाव घटतो, रंगातील लाली मावळते आणि पिंपात नको त्या यीस्टला आयते रान मिळते. पानदेठ परीक्षण दोन्ही प्लॉटचे स्वतंत्र करून घ्या आणि पालाशची मात्रा अहवाल पाहूनच ठरवा.

काढणीबद्दल एक साधी पद्धत सांगतो, जी शिराझला विशेष लागू पडते. या वाणाचा मणी पिकण्याच्या शेवटच्या टप्प्यात सुकू लागतो. वेलीकडून साखर येणे थांबते, पण पाणी उडत राहते, त्यामुळे रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स (रसातील साखरेचे टक्के) चढतच राहतात. मुरमाड प्लॉटमध्ये हे आधी आणि वेगाने घडते. म्हणून दर चार दिवसांनी प्रत्येक प्लॉटमधून १०० मणी काढा, ओळीच्या दोन्ही बाजूंचे, घडाच्या खांद्यावरचे, मधले आणि टोकाचे, कडेच्या ओळी सोडून. आणि ब्रिक्स पाहण्याआधी त्यांचे वजन करा. समजा १०० मण्यांचे वजन १५० ग्रॅम आणि ब्रिक्स २२ आहे, तर त्यात साधारण ३३ ग्रॅम साखर झाली. आठवड्याने वजन १३५ ग्रॅम आणि ब्रिक्स २४.४ आले, तरी साखर तेवढीच, ३३ ग्रॅम. कागदावर द्राक्ष पिकलेले दिसते, प्रत्यक्षात ते फक्त आटलेले असते. अशा मालाची वाइन दाट आणि जास्त मद्यार्काची होते, तिला मनुक्याची चव येते, आणि कोणत्याही जमिनीची खूण तीत उरत नाही. वरच्या प्लॉटची वेगळी चव याच मनुक्यासारखी असेल, तर ती काढणी उशिरा झाल्याची चव आहे. वजन स्थिर राहून उतरायला लागते त्या दोन-तीन दिवसांत मणी चावून बघा, बी तपकिरी आणि कुरकुरीत झाली आहे का पाहा, आणि पहाटे काढणी करा. दोन्ही प्लॉटची काढणी एकाच दिवशी असण्याची गरज नाही. ती एकाच अवस्थेत असावी.

आता वाइनरी. दीड एकरातून एकरी तीन टन धरले, तर साडेचार टन माल. लाल वाइनला टनामागे ६०० ते ७०० लिटर हिशेब धरला, तर सुमारे २,७०० ते ३,१०० लिटर, म्हणजे ७५० मिलीच्या साडेतीन ते चार हजार बाटल्या. आंबवताना साली वर येऊन टोपी धरते, म्हणून पाव भाग जागा मोकळी सोडावी लागते. तेव्हा साडेपाच-सहा हजार लिटरची एक टाकी केवळ या मालासाठी हवी. ती नसेल तर पहिली दोन वर्षे अर्धा टन माल लहान टाकीत वेगळा आंबवा. प्रयोगाला तेवढे पुरते. फक्त तेवढाच माल खालच्या प्लॉटचाही तशाच टाकीत आंबवा, कारण लहान टाकी कमी तापते आणि मोठी जास्त, आणि तापमानातल्या फरकानेही चव बदलते. यीस्ट एकच, आम्ल दुरुस्तीचे लक्ष्य एकच, साली किती दिवस ठेवायच्या तेही एकच. टार्टारिक घालायचे तर आंबवण सुरू होण्याआधी घाला आणि पीएच ३.५ ते ३.६ च्या दरम्यान आणा. आपल्या हवेत हे करावेच लागते, त्यात संकोच नको.

शिराझचा एक स्वभाव लक्षात ठेवा. रसात नत्र कमी पडले किंवा हवा मिळाली नाही की या वाणाच्या वाइनला सडक्या अंड्याचा वास लवकर धरतो. मुरमाड जमिनीतील वेलींच्या रसात नत्र कमी असण्याची शक्यता अधिक, त्यामुळे हा त्रास वरच्याच टाकीत आधी दिसेल. रसातील नत्र मोजून घ्या, पहिल्या निम्म्या आंबवणीत पंप-ओव्हर (तळाचा रस उपसून सालींच्या टोपीवर सोडणे) हवेशीर करा, आणि आंबवण संपल्यावर गाळावरून वाइन लवकर उतरवा. असा वास धरलेला असताना चवीची तुलना करू नका. त्या अवस्थेत चांगली वाइनही बंद आणि कडवट लागते.

पिंपांबाबत माझा आग्रह असा की तीन प्रयोगवर्षांत वरच्या प्लॉटच्या वाइनला ओक लाकडाची नवी पिंपे दाखवू नका. ऱ्होन खोऱ्यातल्या कोत-रोती भागातले गिगाल कुटुंब ला मुलिन, ला लांदोन आणि ला तुर्क या आपल्या तीन एकल मळ्यांच्या वाइन तब्बल ४२ महिने नव्या पिंपांत ठेवते, हे उदाहरण तुम्हाला कोणी ना कोणी देईलच. पण ला मुलिन १९६६ पासून वेगळी भरली जाते. तो मळा काय देतो हे त्यांना ठाऊक आहे. आपल्याला अजून ते शोधायचे आहे, आणि नव्या लाकडाचा व्हॅनिला व धूर आधी नाकात शिरला तर शोधण्यासारखे काही राहत नाही. तीन-चार वेळा वापरलेली पिंपे किंवा स्टीलची टाकी यासाठी उत्तम.

इथेच एक बारीक पण महत्त्वाची बाब आहे. २२५ लिटरच्या पिंपातून आपल्या हवेत वाइन सतत उडते आणि दर दोन-तीन आठवड्यांनी पिंप काठोकाठ भरावे लागते. ती भर बहुतेक वाइनरींत हाताशी असलेल्या टाकीतून घातली जाते. दीड वर्षात असे करत करत वरच्या प्लॉटच्या पिंपात खालच्या प्लॉटची कितीतरी वाइन जाते. म्हणून एकूण वाइनच्या आठ-दहा टक्के भाग भरीसाठी, त्याच प्लॉटचा, लहान स्टीलच्या भांड्यांत काठोकाठ भरून वेगळा ठेवा. अमेरिकेत लेबलवर मळ्याचे नाव घालायचे असेल तर किमान ९५ टक्के द्राक्षे त्याच मळ्यातील असावी लागतात. आपण उरलेले पाच टक्केही सोडू नयेत, असे मला वाटते. घरच्या बागेचे नाव लावायचे तर बाटलीत फक्त तीच बाग असावी.

आता चव पाहण्याची पद्धत. घरातील माणसांनी ‘हा वरचा, हा खालचा’ असे सांगून चाखणे निरुपयोगी आहे, आणि वडिलांच्या मताचा मान राखूनच मी हे म्हणतो. तीन पेले घ्या, दोनांत एक वाइन, तिसऱ्यात दुसरी, आणि वेगळा पेला कोणता एवढेच विचारा. नुसत्या अंदाजाने तिघांपैकी एकाचे उत्तर बरोबर येतेच. बारा जण बसवले तर योगायोगाने चौघे बरोबर ठरतील. आठ किंवा अधिक जणांनी ओळखले तरच फरक खरा माना. ही परीक्षा आंबवणीनंतर सहा महिन्यांनी एकदा आणि वर्षाने एकदा घ्या. चाखणारे एकापेक्षा जास्त असावेत याला शिराझमध्ये एक खास कारण आहे. या वाणाला जो काळ्या मिरीचा वास असतो, तो रोटुंडोन नावाच्या संयुगामुळे येतो. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ मध्ये ते दाखवून दिले. लाल वाइनमध्ये एका लिटरला अवघे १६ नॅनोग्रॅम असले तरी माणसाला तो वास येतो, पण त्याच अभ्यासात साधारण पाचातील एकाला तो मात्रा वाढवूनही आला नाही. रोटुंडोन थंड हवेत आणि कमी उन्हात पिकलेल्या घडांत जास्त असते, त्यामुळे दोन प्लॉटमधला फरक नेमका तिथेच असू शकतो. आणि तुमच्या घरात निर्णय घेणाऱ्याच्या नाकाला तो कळत नसेल, तर सगळा वाद व्यर्थ जाईल.

परीक्षेत फरक दिसला, तरी दुसरी परीक्षा उरते आणि मी तिला अधिक वजन देतो. खालच्या प्लॉटची नुसती वाइन आणि दोन्हींचे तुमचे नेहमीचे मिश्रण, हे शेजारी शेजारी ठेवा. मिश्रण स्पष्टपणे सरस असेल, तर वरचा दीड एकर आज तुमच्या संपूर्ण वाइनला उभे करतो आहे. तो काढून चार हजार बाटल्यांचे नाव होईल, पण आठ-दहा हजार बाटल्यांचे गिऱ्हाईक हळूहळू तुटेल. तुमची धास्ती इथे रास्त आहे. १४८१ पासून द्राक्षशेतीची परंपरा सांगणाऱ्या आणि ऱ्होन खोऱ्यातल्या एर्मिताजच्या टेकडीवर मळे असणाऱ्या शाव कुटुंबाचा मार्ग यासाठी पाहण्यासारखा आहे. बेसार, मेआल आणि टेकडीवरच्या इतर तुकड्यांची सिरा (शिराझचेच फ्रेंच नाव) ते दरवर्षी स्वतंत्र आंबवतात, प्रत्येकीची ओळख पक्की करून घेतात आणि शेवटी बहुतेक वर्षी तिचे एकच मिश्रण भरतात. वेगळे आंबवणे म्हणजे वेगळे विकणे नव्हे, हे जगातल्या सर्वांत नावाजलेल्या सिरांपैकी एक करणाऱ्या घराने दाखवून दिले आहे. तुमच्या दोन टाक्याही आधी त्यासाठीच हव्यात. कोणत्या वर्षी कोणते प्रमाण चांगले जुळते, हे त्यांतूनच कळेल.

उलट बाजूचे उदाहरण दक्षिण ऑस्ट्रेलियातील ईडन व्हॅलीचे. तिथले हेन्शके कुटुंब १८६० च्या सुमारास लागलेल्या वेलींची शिराझ १९५८ पासून ‘हिल ऑफ ग्रेस’ या नावाने स्वतंत्र भरते. पण त्यांनी २००० आणि २०११ या वर्षांची ही वाइन बाजारात आणलीच नाही, कारण त्या वर्षांची प्रत त्यांना पटली नाही. एका मळ्याची वाइन करणाऱ्याला हे बंधन पाळावेच लागते. मिश्रणात एका प्लॉटची कमतरता दुसरा झाकतो; एकाच प्लॉटला आधार कोणाचा? आपल्याकडे फुलोऱ्यातला अवकाळी पाऊस, गारपीट, ऐन पाणी उतरताना भुरी, यांतले काहीही एका रात्रीत हंगाम बदलू शकते. अशा वर्षी ते लेबल न काढता माल मिश्रणात घालायची तुमची तयारी आहे का, हा प्रश्न वडिलांशी आत्ताच बोलून घ्या. तयारी नसेल तर वेगळे लेबल काढू नका, मग चव कितीही वेगळी असो.

लेबल, किंमत आणि विक्री यांबद्दल इतकेच म्हणतो की प्रत्येक नव्या लेबलची राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे वेगळी नोंदणी लागते, दुसऱ्या राज्यात पाठवायचे तर तिथेही, आणि चार हजार बाटल्यांवर हा खर्च जाणवतो. पहिली विक्री वाइनरीतील टेस्टिंग रूममधूनच करा. तिथे दोन्ही वाइन शेजारी ठेवून दाखवता येतात आणि ग्राहक फरक स्वतः चाखून पैसे मोजतो.

थोडक्यात क्रम असा: यंदा छाटणी, विरळणी आणि खते सारखी करा, खालच्या प्लॉटचे पाणी आवरा, १०० मण्यांच्या वजनावर काढणी ठरवा, माल वेगळा आंबवा, जुन्या पिंपांत त्याच प्लॉटच्या भरीने ठेवा, आणि वर्षाने न सांगता चाखा. तीन हंगामांपैकी दोनांत तरी फरक ओळखता आला आणि खालची वाइन एकटी उभी राहिली, तर वडिलांच्या म्हणण्याप्रमाणे वेगळी बाटली जरूर काढा. मला त्याचा मनापासून आनंद होईल, कारण नाशिकच्या शिराझला आज अशा एकेका तुकड्याच्या नावाने ओळख मिळण्याची गरज आहे.

दोन्ही प्लॉटचे खुंट, लागवडीचे वर्ष, मागील हंगामातल्या छाटणीच्या तारखा आणि काढणीवेळचे ब्रिक्स व पीएच कळवलेत, तर छाटणीआधी काय बदलावे आणि काय तसेच ठेवावे, हे अधिक नेमकेपणाने सांगता येईल.